नाण्याची मागितलेली किंमत नको, विकली गेलेली छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच आणि दहाच्या नाण्याला ऑनलाईन लिलावात लाखो रुपये मिळतात अशी बातमी होती, आणि सकाळी साडेनऊलाच शेजारच्या मावशी स्टीलचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. डब्यात रुमालात बांधलेली तीन नाणी, त्यातलं एक खरंच वैष्णोदेवीचं, दहाचं, २०१२ सालचं. "भाऊ, तुम्ही यातले माहितगार, कुठं विकायचं तेवढं सांगा, नातीची फी भरायचीये," असं त्या म्हणाल्या आणि मला काय बोलावं सुचेना. ते नाणं भरपूर निघालंय, नाण्यांच्या प्रदर्शनात टेबलावर पडलेलं असतं, दर्शनी किमतीपेक्षा थोडे पैसे जास्त देऊन कोणीपण घेऊन जातं. हे मी त्यांना सांगितलं तर त्यांनी घडी घातलेला पेपर पुढं केला, म्हणाल्या, मग हे काय खोटं छापतील का. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण वाचा.

मी ३१ वर्षं निफाड तालुक्यात बाजार समितीत कांद्याच्या लिलावाच्या नोंदी केल्या आणि गेली १२ वर्षं नेटवरच्या लिलावातनं नाणी घेतो, कधीमधी विकतो पण. बोली कशी चढते, कुठं अडते आणि माणूस कुठं फसतो हे दोन्हीकडं जवळून बघितलंय.

पहिली गोष्ट, मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. नेटवर कोणीही उठून दोन रुपयाच्या नाण्यापुढं पाच लाख लिहू शकतो, त्याला कोणी अडवत नाही, त्याचा बहुतेक ठिकाणी पैसापण लागत नाही. त्याचा स्क्रीनशॉट निघतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि चार दिवसांनी त्याची बातमी होते. आमच्या यार्डात एखादा शेतकरी म्हणाला की मला क्विंटलला दहा हजार पाहिजेत, तर ते कोणी पाटीवर लिहीत नाही हो. पाटीवर चढतं ते किमान, कमाल आणि सर्वसाधारण, आणि तेपण सौदा झाल्यावर, पट्टी, म्हणजे सौद्याची पावती, फाटल्यावर. तुमच्याच पेपरात आतल्या पानावर रोज कांदा, तूर, सोयाबीनचे भाव याच तीन आकड्यात येतात. मग नाण्याच्या बाबतीत हा नियम का मोडायचा?

विकली गेलेली किंमत शोधणं काही अवघड नाही. ईबे या परदेशी लिलावाच्या साईटवर विकलेल्या वस्तू वेगळ्या दाखवायची सोय आहे, त्यात खरोखर सौदा झालेले आकडे दिसतात. आपल्याकडं मुंबईचं टोडीवाला, बेंगळुरूचं मरुधर आर्ट्स अशी मोठी लिलावगृहं आहेत, त्यांचे कॅटलॉग नेटवर असतात आणि लिलाव झाल्यावर कोणता लॉट, म्हणजे लिलावातला नग, कितीला गेला त्याची यादी लागते. मी बोली लावायच्या आधी अशा यादीतनं त्याच प्रकारचे, त्याच अवस्थेतले किमान पाच सौदे वहीत उतरवून घेतो. पाचातला सगळ्यात वरचा खोडतो, कारण त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आलेली असू शकतात, सगळ्यात खालचा खोडतो कारण त्या नाण्यात फोटोत न दिसणारी काहीतरी खोट असू शकते, आणि मधल्या तिघांवरनं माझा आकडा ठरवतो. यार्डातली सवय आहे ही, सर्वसाधारण भाव धरायचा, कमाल भावाच्या नादी लागायचं नाही.

कांद्याचा व्यापारी कधी बघितलाय का बोली लावताना? तो ट्रॉलीवर चढतो, वरचे चार कांदे बाजूला सारून हात कोपरापर्यंत आत घालतो, खालचा कांदा उपसून काढतो, बोटानं दाबतो, मान बघतो, पत्ती बघतो, एखादा फोडून वास घेतो. मग डोक्यात हिशेब चालू, चाळणीत किती जाईल, कोलकात्याला गाडीभाडं किती, हमाली, बारदान, तिकडं काय भाव निघेल, आणि तिथनं उलटं मोजत मोजत तो इथल्या आकड्यावर येतो. लिलाव पुकारायच्या आधी त्याचा आकडा ठरलेला असतो आणि बोली त्याच्या पुढं गेली की तो पुढच्या ट्रॉलीकडं चालायला लागतो, मागं वळूनसुद्धा बघत नाही. ३१ वर्षांत मी जे व्यापारी टिकलेले बघितले ते सगळे असे होते, आणि जे चढाओढीत रागानं बोलत गेले त्यातले बरेच गाळे सोडून गेले.

नाण्यात आपल्याला हात कोपरापर्यंत घालता येत नाही, हीच खरी अडचण. दोन फोटो असतात, तेपण विकणाऱ्यानं निवडलेले. आपल्या भाषेत खणखणीत नाणं म्हणतात ते उगाच नाही, पूर्वी सराफ फरशीवर रुपया टाकून आवाज ऐकायचा, स्क्रीनवर ते होत नाही. म्हणून विचारून घ्यायचं. वजन किती, दोन दशांशापर्यंत सांगा. कडेचा फोटो पाठवा, कारण ओतीव बनावट नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते किंवा ती घासून काढलेली दिसते. उजेड तिरका पाडून एक फोटो काढा, म्हणजे घासलेलं, पॉलिश केलेलं नाणं लगेच ओळखू येतं, बारीक समांतर ओरखडे दिसतात. जो विकणारा या तीन गोष्टी द्यायला टाळाटाळ करतो त्याच्या लॉटवर मी बोलीच लावत नाही, मग नाणं कितीही मनात भरलेलं असो.

आता माझं स्वतःचं सांगतो. चांदवड इथनं जवळच, तिथं होळकरांची टांकसाळ होती, त्या रुपयाला आजोबा चांदवडी रुपया म्हणायचे. त्याच्यावर फारसीत शाहआलम बादशहाचं नाव असतं आणि टांकसाळीचं नाव जाफराबाद उर्फ चांदोर. आपल्या मातीतलं नाणं म्हणून मला त्याची फार ओढ. २०१७ च्या पावसाळ्यात एका साईटवर एक चांदवडी रुपया आला, सुरुवात ८०० पासून, आणि मी वहीत लिहिलं होतं की २,५०० च्या वर जायचं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत समोर एकच जण राहिला, मी १०० वाढवले की अर्ध्या मिनिटात त्याचे १०० वर, परत मी, परत तो, आणि माझ्या डोक्यात नाणं राहिलंच नाही, फक्त तो समोरचा राहिला. ७,४०० ला मला सुटलं. त्यावर १५ टक्के प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडनं घेतात ते कमिशन, टॅक्स, कुरियर धरून नऊ हजाराच्या आसपास गेले. नाणं हातात आलं तर छाप एका बाजूला सरकलेली, टांकसाळीच्या नावाचा अर्धा भाग कडेबाहेर गेलेला, फोटोत तो कोपरा सावलीत होता. तीन महिन्यांनी तसाच रुपया, याच्यापेक्षा चांगल्या छापाचा, दुसरीकडं २,३०० ला गेला.

मग मी मागच्या बोल्यांची यादी उघडून बसलो. तोच समोरचा आयडी त्याच विक्रेत्याच्या ११ लॉटवर दुसऱ्या नंबरला होता, आणि जिंकलेला एकही नाही. हे विक्रेत्याचंच दुसरं खातं होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण यार्डात असला माणूस आम्ही आठवड्यात ओळखला असता, कारण तिथं तोंडं दिसतात. साईटला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. पण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता येत नाही. वहीत २,५०० लिहिलेले होते, ते माझ्याच अक्षरात होते.

तेव्हापासून मी एक पद्धत धरली, ती इथं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडली तर बरं. बहुतेक साईटवर आपण आपली कमाल रक्कम टाकून ठेवू शकतो आणि मशीन आपल्या वतीनं लागेल तेवढीच बोली वाढवतं. समजा मी ५,००० टाकले आणि दुसऱ्या माणसाची कमाल ३,१०० आहे, तर बोली वाढायचा टप्पा १०० चा असेल तर मला ते नाणं ३,२०० लाच मिळतं, ५,००० द्यावे लागत नाहीत. म्हणजे मी देतो तो आकडा माझा नसतोच, माझ्या खालच्या माणसाचा असतो, वर एक टप्पा. विल्यम व्हिकरी नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली अशा दुसऱ्या किमतीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं, त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं, आणि त्या गणिताचं सार एवढंच की अशा लिलावात आपल्याला वस्तू जेवढ्या मोलाची वाटते नेमकी तेवढीच रक्कम टाकणं हेच फायद्याचं असतं. कमी टाकून चतुराई करायला गेलं तर नाणं हातचं जातं, जास्त टाकलं तर पस्तावायची पाळी. १००-१०० नी चढत जाणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार, कारण प्रत्येक पायरीवर आपण स्वतःला नव्यानं पटवत असतो की अजून १०० नी काय होतंय.

मग बोली कधी टाकायची? दहा दिवस आधी ५,००० टाकून ठेवले तर बाकीच्यांना चाचपडत चाचपडत माझी मर्यादा शोधायला दहा दिवस मिळतात, आणि खोटी बोली लावणाऱ्याला तर आयतंच कुरण. म्हणून जाणते लोक शेवटच्या काही सेकंदात टाकतात. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास करून २००२ साली मांडलं की ईबेवर लिलाव ठरलेल्या वेळेला कडक बंद होतो म्हणून शेवटच्या क्षणी झुंबड उडते, आणि ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी पुढं सरकायची म्हणून तिथं तेवढी झुंबड नव्हती. हे फार कामाचं आहे. आधी साईटचा नियम वाचायचा. वेळ वाढणारी साईट असेल तर शेवटच्या सेकंदाची वाट बघण्यात काही अर्थ नाही, तिथं आपली कमाल रक्कम टाकायची, मोबाईल ठेवायचा आणि जेवायला बसायचं. वेळ कडक असेल तर शेवटी टाकायची, पण आमच्याकडं पावसात लाईट जाते, टॉवर जातो, म्हणून मी दोन मिनिटं आधीच टाकतो, दहा सेकंदांच्या भरवशावर बसत नाही, एक चांगला इंदूरचा रुपया मी असाच नेट गेल्यामुळं गमावलाय.

आणखी एक बारकी गोष्ट. लोकांना गोल आकडे आवडतात, ५,००० म्हणजे ५,०००. दोघांनी सारखीच रक्कम टाकली तर बहुतेक ठिकाणी आधी टाकणाऱ्याला मिळतं, म्हणून जिथं कुठलाही आकडा टाकता येतो तिथं मी ५,०३७ असलं काहीतरी टाकतो. ३७ रुपयांत नाणं आपल्याकडं आल्याचं दोनदा झालंय.

प्रीमियमचा हिशेब तर लोक करतच नाहीत. हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते, लिलावगृहाचा प्रीमियम, त्यावरचा जीएसटी, कुरियर, इन्शुरन्स असं सगळं चढतं. समजा सगळं मिळून वर २५ टक्के लागणार असतील आणि खिशात एकूण १०,००० असतील, तर बोली ८,००० पर्यंतच जाऊ शकते, १०,००० पर्यंत नाही. हा भागाकार लिलावाच्या आधी कागदावर करून ठेवायचा, लिलाव चालू असताना तो होत नाही. आमचे व्यापारी गाडीभाडं आधी वजा करतात ते याच्यासाठीच.

जास्त लोक बोली लावतायत म्हणजे नाणं भारीच असणार असं वाटतं, पण त्यात एक धोका आहे. समजा एका नाण्याचं मोल २० जण आपापल्या अंदाजानं ठरवतायत, कुणाचा अंदाज कमी, कुणाचा जास्त, तर ते मिळणार कुणाला? ज्याचा अंदाज सगळ्यात वर गेलाय त्याला. म्हणजे जिंकलो याचाच अर्थ पुष्कळदा असा की १९ जणांना ते तेवढ्याचं वाटलं नव्हतं. याला अर्थशास्त्रात विजेत्याचा शाप म्हणतात, २०२० साली पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं त्यात हा विषय होता. आणि पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी २००३ मध्ये जो अभ्यास छापला तो तर थेट ईबेवरच्या नाण्यांच्या लिलावांवरच होता, नाणं हातात न घेता बोली लावायची म्हटल्यावर हा धोका किती मोठा असतो ते त्यांनी मोजलं. गर्दी वाढली की मी माझा आकडा थोडा खाली आणतो, वर नेत नाही. यार्डात ट्रॉलीभोवती १५ व्यापारी जमले की जुने लोक एक पाऊल मागं सरकायचे, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

भाव कशावर ठरतो ते पण थोडं सांगायला पाहिजे कारण मावशींसारख्या लोकांना जुनं म्हणजे महाग एवढंच माहीत असतं. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी समजा लाख रुपये किलो धरली तर त्यातल्या धातूचेच १,०६९ रुपये झाले. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम, तर धातू ५८३ चा. १९४७ चा तर निकेलचा, चांदी अजिबात नाही. ही झाली तळाची पायरी, याच्या खाली चांदीचं नाणं विकायचं नाही. पण त्याच्या वर किती जायचं ते नाणं किती दुर्मीळ आणि कसं राखलेलं यावर. १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया पहिल्या महायुद्धाच्या काळात कोट्यवधी निघाला, अजून घराघरात आहे, तो वापरून झिजलेला असेल तर चांदीच्या भावापेक्षा फार वर जायचं कारण नाही, आणि तरी लोक त्याच्यावर चढाओढ करतात, कारण शंभर वर्षांचं जुनं. उलट १९३९ चा मुंबई टांकसाळीचा सहाव्या जॉर्जचा रुपया खरंच दुर्मीळ, त्याला खरंच पैसे मिळतात, आणि म्हणूनच १९३८ चा शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपये बाजारात फिरतात. १९११ चा रुपया पण प्रसिद्ध, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून गोंधळ झाला आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. म्हणजे साल, टांकसाळीची खूण आणि अवस्था, तिन्ही बघितल्याशिवाय किंमत बोलता येत नाही. आजच्या नाण्यांवर सालाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, हे शाळेतल्या पोरांनापण पाच मिनिटांत शिकवता येतं.

शिवराईचं, म्हणजे महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचं, दुखणं वेगळंच. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. आपल्या मनात तिची किंमत पैशात होत नाही आणि नेमकं तिथंच लोक आपल्याला पकडतात. शिवराया शिवाजी महाराजांच्या नंतरसुद्धा कितीतरी वर्षं त्याच नावानं निघत राहिल्या, पेशवाईतली दुदांडी शिवराई वेगळी, त्यामुळं ‘महाराजांच्या हातची’ असं लिहून दसपट किंमत मागणारा दिसला की आधी थांबायचं. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा म्हणून अक्षरं अर्धी कडेबाहेर जातात, ज्या शिवराईवर सगळी अक्षरं आणि भोवतीच्या ठिपक्यांची कड दिसते तिला जास्त भाव, आणि तो मिळायलाच पाहिजे. सोन्याचा होन नेटवर दिसला तर शंभरातल्या ९९ वेळा तो बनावट असतो असं धरूनच चालायचं, खरा होन लाखात असतो आणि तो कुरियरनं दोन हजारात घरी येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका पोरानं आजीच्या देवघरातल्या १४ शिवराया आणून दाखवल्या. माझ्याकडं आणायच्या आधी त्यानं त्या चिंच आणि राखेनं लख्ख घासल्या होत्या, देवाची भांडी घासतात तशा. तांबं गुलाबी चमकत होतं, आणि दोनशे-अडीचशे वर्षांचा तपकिरी थर नळाखाली वाहून गेलेला. एका शिवराईवर ‘पति’ मधला ‘ति’ इतका छान उठला होता की ती घासली नसती तर मी स्वतः चांगले पैसे देऊन घेतली असती. त्याला वाटलं होतं चमकली की किंमत वाढेल. जुनं नाणं कधी घासू नका, एवढं एक वाक्य जरी तुमच्या त्या बातमीत असतं ना, तरी कितीतरी घरातली नाणी वाचली असती.

विकणाऱ्यांनी पण थोडं लक्षात घ्यावं. सुरुवातीची किंमत कमी ठेवली की माणसं जमतात, पण नाणं खरंच मोलाचं असेल तर आतली राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विकायचंच नाही ती, लावून ठेवावी म्हणजे पावसाच्या दिवशी मातीमोल जाणार नाही. अमेरिकेतल्या इंडियन हेड सेंट नावाच्या जुन्या नाण्यांच्या ईबे लिलावांवर एक अभ्यास झालाय, त्यात दिसलं की जास्त दिवस चाललेल्या लिलावात किंमत चांगली येते आणि विक्रेत्याबद्दलच्या चांगल्या शेऱ्यांपेक्षा वाईट शेरे भावावर जास्त परिणाम करतात. म्हणून वर्णनात खोट लपवू नका, ओरखडा आहे तर आहे म्हणून लिहा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं गुन्हा आहे, परदेशी गिऱ्हाईक कितीही भाव देऊ दे. शेतात नांगरताना मडकं सापडलं तर ते थेट नेटवर टाकता येत नाही, १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथं जाऊन अस्सल नाणी डोळ्यांनी बघितली तरी नजर तयार व्हायला लागते, मी पोरांना तिथंच पाठवतो.

आता परत मावशींकडं येतो, कारण खरा राग तिथला आहे. त्यांच्या भाच्यानं मागच्या वर्षी अशीच बातमी वाचून एका साईटवर फोटो टाकला होता. दोन तासात फोन, आम्ही रिझर्व्ह बँकेचे अधिकृत खरेदीदार, तुमचं नाणं तीन लाखाला पास झालंय, आधी नोंदणीचे १,८५० भरा. भरले. मग टॅक्सचे ६,२०० भरा, तेपण भरले. तिसऱ्यांदा ११,००० मागितले तेव्हा त्याला शंका आली. त्या मुलाची महिन्याची कमाई १३,००० आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कमिशन किंवा फी घेत नाही आणि कुणाला तसा अधिकार दिलेला नाही. लिलावात विकणाऱ्याचं कमिशन विक्रीच्या पैशातनं कापून घेतात, नाणं विकायच्या आधी खिशातनं पैसे मागणारा चोर असतो. ही माहिती बातमीच्या शेजारी चौकटीत द्यायला चार ओळी लागतात. तुमच्या बातमीत ती नव्हती, साईटचं नाव मात्र ठळक अक्षरात होतं.

माझी मागणी मोठी नाही. महिन्यातनं एकदा, बाजारभावाच्या पानावर, दहा नेहमीच्या नाण्यांचे झालेल्या लिलावातले भाव छापा, किमान, कमाल, सर्वसाधारण, बाजूला अवस्था. शिवराई, पेशवाईतला अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया, चांदवडी, व्हिक्टोरियाचा रुपया, १९१८, १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा, वैष्णोदेवीचं दहाचं नाणं असं काहीही घ्या, आकडे उघड असतात, मी स्वतः जमवून द्यायला तयार आहे, मोबदला नको. आणि ते जमत नसेल तर निदान पुढच्या वेळी असा स्क्रीनशॉट छापताना खाली एवढं लिहा की ही मागितलेली किंमत आहे, या किमतीला सौदा झालेला नाही. मावशींनी तो डबा अजून माझ्याकडंच ठेवलाय, म्हणाल्या पेपरात परत काही आलं तर कळवा.

आपला वाचक,
निफाड तालुका, जि. नाशिक